इंद्राकडे हत्ती आला कुठून? मरुत, मेघ आणि ऐरावत

अनुष्टुभ:

ऋग्वेदातला इंद्र हत्तीवर बसत नाही. तो रथातून येतो आणि त्याच्या रथाला दोन पिंगट घोडे जुंपलेले असतात. त्यांना ‘हरी’ म्हणतात, म्हणून इंद्राला हर्यश्व हे नाव मिळाले. ऐरावत हा शब्द ऋग्वेदात येत नाही. पुराणांत मात्र ऐरावताशिवाय इंद्र उभा करताच येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये काय घडले असावे, हा प्रश्न बरीच वर्षे माझ्या मनात आहे. जेवढे जुळवता आले तेवढे येथे मांडतो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

पावसाच्या देवतांजवळ हत्ती पहिल्यांदा येतो तो उपमेच्या रूपाने, आणि तोही इंद्राइतकाच मरुतांसाठी. पहिल्या मंडळातील ६४ व्या सूक्ताची सातवी ऋचा वादळाच्या या देवांना उद्देशून म्हणते, ‘मृगा इव हस्तिनः खादथा वना’, म्हणजे हात असलेल्या रानटी जनावरांप्रमाणे तुम्ही अरण्ये खाऊन टाकता. ‘मृग हस्तिन्’ हा शब्दप्रयोग थांबून पाहण्याजोगा आहे. हत्तीला अजून स्वतःचे सुटे नाव पुरते मिळालेले नाही. तो ‘हात असलेला पशू’ आहे. पुढे पाणिनीला ‘हस्ताज्जातौ’ असे स्वतंत्र सूत्र द्यावे लागले, कारण तोवर हस्तिन् हा शब्द हात असलेल्या कोणालाही नव्हे तर एका विशिष्ट जातीलाच लागू लागला होता. आपल्या ‘हत्ती’ या शब्दात तो हात अजूनही आहे.

चौथ्या मंडळात (४.१६.१४) हीच उपमा इंद्राला मिळते: बळ पांघरलेला, रानटी हत्तीसारखा, आणि शस्त्रे धारण केलेला, सिंहासारखा भयंकर. आठव्या मंडळात (८.३३.८) तो मदाने इकडेतिकडे फिरणाऱ्या ‘वारण’ पशूसारखा, म्हणजे हत्तीसारखा, आहे. हा हत्ती पाळलेला नाही, त्याच्या पाठीवर कोणी बसलेले नाही आणि त्याच्या सोंडेत कलशही नाही. तो झाडे मोडतो. पर्जन्याच्या प्रसिद्ध सूक्तातही (५.८३) पाऊस नुसता पोषण करणारा नाही. दुसऱ्याच ऋचेत ‘वि वृक्षान् हन्ति’, तो झाडे उन्मळून पाडतो, असे सांगितले आहे. वळवाचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता भाजे लेण्यांकडे या. मळवली स्थानकावरून तेथे चालत जाता येते. तेथील १९ क्रमांकाचा विहार इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला मानला जातो. त्याच्या ओवरीच्या उजव्या टोकाला, एका खोलीच्या दाराच्या दोन बाजूंना दोन मोठी शिल्पे आहेत. एका बाजूला चार घोड्यांच्या रथातला देव, त्याच्यासोबत दोन स्त्रिया आणि चाकांखाली चिरडले जाणारे राक्षसी देह. दुसऱ्या बाजूला एक अजस्र हत्ती, त्याच्यावर बसलेला धिप्पाड पुरुष, त्याच्या मागे ध्वज धरणारा सेवक, आणि हत्तीच्या उंचावलेल्या सोंडेत मुळासकट उपटलेले झाड. पहिला सूर्य आणि दुसरा ऐरावतावरचा इंद्र, असे परंपरेने सांगतात. त्या झाडाकडे पाहताना मला दर वेळी ‘खादथा वना’ हेच शब्द आठवतात. वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्यातही इंद्राची हत्तीवर बसलेली भव्य मूर्ती आहे आणि त्या लेण्याचे नावच इंद्रसभा आहे. पण तोवर तो हत्ती पुरता शांत झालेला दिसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हत्ती ढगासारखा काळा व मोठा असतो म्हणून तो पावसाशी जोडला गेला, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. ती उपमा खरी आहेच. कालिदासाने रामगिरीवर आषाढाच्या पहिल्या दिवशी दाखवलेला मेघ तटाला दात घासून खेळणाऱ्या हत्तीसारखा आहे, आणि रामगिरी म्हणजे आपले रामटेक हे वासुदेव विष्णु मिराशी यांनी सविस्तर मांडले आहे. परंतु नाते जुळले ते आधी वादळाच्या धसमुसळेपणावरून. झाडे मोडणारा हत्ती आधी आला आणि लक्ष्मीवर पाणी ओतणारा हत्ती त्याच्यानंतर. एकाचा दुसरा कसा झाला, याच्या खुणा आपल्या कथांत, शिल्पांत आणि घरच्या सणांतही सापडाव्यात असे मला वाटते.


तिलारीकाठ:

आमचा भाग दोडामार्ग तालुक्यातला. या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटकातून रानटी हत्ती आमच्याकडे उतरले आणि तेव्हापासून त्यांचे येणे-जाणे चालूच आहे. म्हणून ‘हत्ती अरण्ये खातो’ ही ओळ वाचून मला ती उपमा वाटलीच नाही.

हत्ती माड कसा पाडतो ते सांगतो. तो प्रथम कपाळ टेकवून माड हलवून पाहतो, मग पायाने बुंध्याशी रेटतो, आणि माड आडवा झाला की शेंड्याचा कोवळा गाभा तेवढा काढून खातो. पंधरा-वीस वर्षे पोसलेल्या माडातला त्याला हवा असतो तो हातभर भाग. केळीच्या बागेत तो रात्री शिरला तर सकाळी बाग चक्रीवादळातून गेल्यासारखी दिसते. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, कारण आम्ही दोन्ही पाहिले आहे आणि नुकसानीचा पंचनामाही दोन्ही वेळा सारखाच होतो. दोन्हीकडे आवाज आधी येतो. अंधारात फांदी मोडल्याचा आवाज आला की हत्ती की वारा हे ठरवायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ फार वाईट असतो.

तरीही सांगायला हवे की आमच्या वाडीतली जुनी माणसे हत्तीला शिवी देत नाहीत. पाऊल उमटलेल्या जागेला हात लावून नमस्कार करणारी आजी मी पाहिली आहे, आणि तिचीच पोफळीची बाग त्या रात्री गेली होती. ज्या लोकांनी मरुतांची ती ऋचा रचली त्यांचीही मनःस्थिती अशीच असावी असे मला आपले म्हणणे वाचून वाटले. ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच मागायचे असते, कारण पाऊसही त्याच्याकडेच असतो.


लेणीवाट:

धाग्याचा विषय फार आवडला, म्हणून दोन गोष्टी स्पष्टपणे नोंदवतो.

पहिली गोष्ट वेरूळची. ३२ क्रमांकाचे लेणे जैन आहे आणि ‘इंद्रसभा’ हे नाव गैरसमजातून पडलेले आहे. हत्तीवर बसलेली ती मूर्ती इंद्राची नसून यक्षाची आहे. पूर्वीचे लेखक त्याला मातंग म्हणत, आता सर्वानुभूती म्हणतात, आणि त्याच्या जोडीला सिंहावर बसलेली, आंब्याखालची अंबिका आहे. हत्तीवर कोणी वैभवशाली पुरुष दिसला की तो इंद्रच, अशी आपल्या डोळ्यांना सवय झाल्यामुळे ते नाव टिकले. अंगणातला सुटा दगडी हत्ती पाहून तर तो समज आणखी पक्का होतो.

दुसरी गोष्ट भाज्याची. तेथेही ओळख निर्विवाद नाही. त्या शिल्पात हत्तीच्या खाली आणि भोवती छोटे छोटे प्रसंग आहेत: कठड्याने वेढलेले झाड, बसलेला राजा, नर्तकी आणि वादक. इंद्राच्या ज्ञात कथांशी हे प्रसंग जुळवता येत नाहीत, म्हणून वासुदेवशरण अग्रवालांसारख्या अभ्यासकांनी हा हत्तीवरचा पुरुष म्हणजे चक्रवर्ती मांधाता आणि ती झाडे म्हणजे उत्तरकुरू या पौराणिक प्रदेशातले कल्पवृक्ष असावेत असे सुचवले. बौद्ध विहारात मांधात्याची कथा असणे स्वाभाविकही आहे, कारण दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहात ती विस्ताराने आली आहे. तो सर्व द्वीपे जिंकून स्वर्गात जातो आणि इंद्राच्या अर्ध्या आसनावर बसतो.

मात्र या दुसऱ्या ओळखीमुळे आपले म्हणणे मोडते असे मला वाटत नाही. महाभारताच्या वनपर्वात मांधात्याची जी कथा आहे तीत बारा वर्षांचे अवर्षण पडले असता त्याने वज्रपाणी इंद्राच्या डोळ्यांदेखत स्वतः पाऊस पाडला असे सांगितले आहे. त्याच्या जन्मानंतर दूध पाजायला आई नव्हती, तेव्हा इंद्राने आपले बोट त्याच्या तोंडात दिले आणि ‘मां धास्यति’ म्हटले, म्हणून तो मांधाता. म्हणजे भाज्याच्या भिंतीवर इंद्र असो वा इंद्राच्या बोटावर वाढलेला राजा असो, हत्तीवर बसलेला तो पुरुष पावसावर सत्ता चालवणाराच आहे.

त्या काळी सह्याद्रीच्या माथ्यावर इंद्राचे स्मरण होते याचा लेखी पुरावाही आहे. नाणेघाटातला सातवाहन राणीचा लेख धर्माला नमस्कार करून लगेच ‘नमो ईदस’ म्हणतो, मग संकर्षण-वासुदेव व चंद्र-सूर्य यांची नावे घेतो, आणि पुढे यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन करतो. वासव म्हणजेही इंद्रच. एकाच नमनात त्याचे नाव दोनदा आले आहे: एकदा स्वतंत्र देव म्हणून आणि एकदा दिशेचा राखणदार म्हणून. त्याच लेखात यज्ञांच्या दक्षिणेत गायी-घोड्यांबरोबर हत्तीही दिलेले आहेत.


अनुष्टुभ:

वेरूळविषयी मी चुकलो. मूळ लेखनात बदल करत नाही, म्हणजे चर्चा वाचणाऱ्याला आपली दुरुस्तीही दिसेल. मांधात्याच्या पावसाची कथा मला माहीत होती, पण भाज्याच्या शिल्पाशी ती कधी जोडली नव्हती. नाणेघाटात इंद्र दोनदा येतो हे तर मी त्या लेखाचे वाचन अनेकदा पाहूनही निसटले होते. मनापासून आभार.


शमीपत्र:

एक शंका विचारते. ऐरावत समुद्रमंथनातून निघाला असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण मंथन ज्यामुळे करावे लागले ती दुर्वासाच्या माळेची गोष्ट पाहिली तर तेथे इंद्र आधीच ऐरावतावर बसलेला आहे! जो अजून जन्मलाच नाही त्याच्या डोक्यावर इंद्राने माळ कशी ठेवली? आमच्या घरी कीर्तनाची परंपरा आहे, तरी याचे उत्तर मला कोणाकडून मिळाले नाही.


पोथीघर:

शमीपत्र, आपली शंका रास्त आहे आणि पुराणे ती सोडवत नाहीत. कल्पभेद सांगून, म्हणजे या घटना वेगवेगळ्या कल्पांतल्या मानून, काही टीकाकार वाट काढतात. मला मात्र वाटते की ही विसंगती दुरुस्त करण्यापेक्षा तिचा अर्थ पाहावा.

विष्णुपुराणाच्या पहिल्या अंशाच्या नवव्या अध्यायातला क्रम असा आहे. दुर्वास इंद्राला माळ देतो. इंद्र ती ऐरावताच्या मस्तकावर टाकतो. मदाने धुंद झालेला हत्ती वासाने आकर्षित होऊन ती सोंडेने हुंगतो आणि जमिनीवर फेकतो. दुर्वास शापतो, आणि त्रैलोक्यातून श्री निघून जाते: वनस्पती सुकतात, यज्ञ थांबतात, सत्त्व उरत नाही. हे वर्णन दुष्काळाचेच आहे. मग मंथन होते, कमळावर उभी असलेली लक्ष्मी वर येते, गंगा इत्यादी नद्या तिच्या स्नानासाठी येतात, आणि ‘दिग्गजा हेमपात्रस्थमादाय विमलं जलम्’, म्हणजे दिशांचे हत्ती सोन्याच्या पात्रांत निर्मळ पाणी घेऊन तिला न्हाऊ घालतात. ज्या सोंडेने श्री घालवली, त्या सोंडांनीच तिला परत आणून न्हाऊ घातले. एकाच अध्यायात हत्तीची दोन्ही रूपे आली आहेत. धागाकर्त्यांनी जी वाट शोधायला सांगितली ती येथे एका कथेत चालून दाखवलेली आहे असे मी म्हणेन.

ऐरावत या नावाचेही पाहण्यासारखे आहे. ‘इरा’ म्हणजे पाणी, पेय, पोषण देणारा रस. इरावती म्हणजे पाणीदार, आणि तेच आजच्या रावी नदीचे जुने नाव. अमरकोशात ऐरावताचे पर्याय ‘अभ्रमातंग’ म्हणजे ढगहत्ती, आणि ‘अभ्रमुवल्लभ’ म्हणजे अभ्रमूचा पती, असे दिले आहेत. अभ्रमू ही पूर्व दिशेची हत्तीण आणि तिच्या नावातही अभ्रच आहे. त्याच कोशात विजेच्या नावांत ‘ऐरावती’ येते. म्हणजे नवरा ढग, बायको ढग, आणि नावाचे स्त्रीरूप वीज, असे सगळे घराणेच आकाशातले आहे.

परंतु याहून जुनी एक नोंद आहे आणि ती कमी लोकांच्या लक्षात असते. अथर्ववेदाच्या आठव्या कांडात विराज या गायरूप आदिशक्तीचे दोहन होते तेथे ‘धृतराष्ट्र ऐरावत’ तिच्यातून विष काढतो. हा ऐरावत हत्ती नसून सर्प आहे! महाभारतातही ऐरावत हे नागकुळाचे नाव आहे, आणि अर्जुनाची पत्नी उलूपी त्याच कुळातली. नाग या शब्दाचे सर्प आणि हत्ती असे दोन्ही अर्थ होतात, हे आपण कोशात वाचून सोडून देतो. पाण्याचा राखणदार असलेला नाग जमिनीखालचा, आणि पाण्याचा वाहक असलेला नाग आकाशातला. एकच नाव एकाकडून दुसऱ्याकडे गेलेले दिसते. इंद्राला त्याचा हत्ती मिळाला तो कदाचित या वाटेनेही मिळाला असेल. हे माझे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे.


हादगाफूल:

इतक्या चर्चेत हादग्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहिते.

आश्विनात सूर्य हस्त नक्षत्रात जातो, साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास. त्या दिवसांत आपल्याकडे मुली पाटावर हत्ती काढतात, पाट मध्ये ठेवून भोवती फेर धरतात आणि ‘ऐलमा पैलमा गणेशदेवा’ म्हणून सुरुवात करतात. पुण्याकडे त्याला भोंडला म्हणतात, आमच्या सांगली-कोल्हापूरकडे हादगा. आमच्या घरी भिंतीवर समोरासमोर सोंडा उचललेल्या हत्तींचे चित्र चिकटवून त्यावर फळांच्या माळा सोडत असत. भोपळ्याची फुले, कारल्याची वेल, पेरू, जे परसात असेल ते. आजी सांगायची की पूर्वी हा खेळ सोळा दिवस चाले आणि रोज एक गाणे व एक खिरापत वाढे. हादगा हा शब्द हस्तावरून आला असे सांगितले जाते.

मला येथे एक गोष्ट मोलाची वाटते. नक्षत्राच्या मूळ कल्पनेत हत्ती नाही. हस्त म्हणजे हात. आकाशातल्या त्या पाच तारका पंजासारख्या दिसतात, आणि त्या नक्षत्राची देवता सविता आहे. हाताचा हत्ती आपल्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या लेकीबाळींनी केला. आमच्याकडे कोणी ‘हस्ताचा पाऊस’ म्हणत नाही, ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात, आणि ‘पडला हत्ती तर पाडील भिंती’ असेही म्हणतात. मृग हस्तिन्, ‘हात असलेला पशू’, असे ज्या भाषेने हत्तीला ओळखले तिचीच वाट उलट दिशेने चालून हातातून पुन्हा हत्ती काढला गेला. त्या बायकांनी ऋग्वेद ऐकला नव्हता, पण परतीच्या पावसाचा गडगडाट ऐकला होता.

हा पाऊस जाता जाता येतो. तो भिंती पाडतो, कापून ठेवलेली बाजरी भिजवतो, आणि रब्बीच्या ज्वारीला ओलही देतो. हादग्याच्या फेरात मध्ये ठेवलेला हत्ती हा असा दोन्ही हातांनी देणारा-घेणारा आहे.


कोरडवाहू:

पंचांगातल्या ‘वाहना’विषयीही कोणी लिहावे अशी अपेक्षा होती, मीच लिहितो. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असते. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे आणि येणाऱ्या संख्येला ९ ने भागायचे. बाकी १ उरली तर घोडा, मग क्रमाने कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव. आणि काही उरले नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस आणि हत्ती आले की वडील समाधानाने मान हलवत, कारण ही भरपूर पावसाची वाहने.

आमची जमीन अवर्षणाच्या पट्ट्यातली आहे. वाहन हत्ती असूनही कोरडी गेलेली नक्षत्रे मी पाहिली आहेत, त्यामुळे या गणितावर मी पेरणी ठरवत नाही. तरीही पंचांगवाचनात ‘वाहन हत्ती’ हे शब्द आले की घरात सगळे गप्प होऊन ऐकतात. मलाही ते शब्द ऐकायला आवडतात.


पोथीघर:

कोरडवाहू, आपल्या अनुभवासारखीच एक जुनी कथा आहे. बौद्ध परंपरेतली असली तरी ती येथे सांगण्याजोगी आहे. कुरुधम्म जातकात कलिंग देशात पाऊस पडत नाही, म्हणून तेथील राजा कुरुराजाकडून त्याचा अंजनवसभ नावाचा मंगल हत्ती मागून आणतो. हत्ती येतो, त्याचे स्वागत होते, आणि पाऊस पडत नाही. मग कळते की पाऊस हत्तीमुळे पडत नव्हता, कुरुराजा जो धर्म पाळत होता त्यामुळे पडत होता. तो धर्म सोनपत्रावर लिहून आणला आणि पाळला गेला, तेव्हा पाऊस आला. दुसरी कथा वेस्संतर राजपुत्राची: तोच कलिंग, तसाच दुष्काळ, आणि या वेळी राजपुत्र आपला पाऊस आणणारा पांढरा हत्ती दान देऊन टाकतो, म्हणून त्याचीच प्रजा त्याला हद्दपार करते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ही कथा भिंतभर रंगवलेली आहे. हत्ती दिला म्हणजे पाऊसच देऊन टाकला, असे लोकांना किती खरे वाटत होते ते त्या हद्दपारीवरून कळते.

अंगदेशाचेही असेच आहे. राजा रोमपादाच्या राज्यात अवर्षण पडले आणि ऋष्यशृंगाला आणल्यावर पाऊस झाला, ही रामायणातली कथा सर्वांना ठाऊक आहे. हत्तींच्या वैद्यकाचा आद्य ग्रंथ, पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, हाही रोमपादालाच सांगितलेला आहे. तो पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला. शेते तुडवणारे रानटी हत्ती राजाने पकडून आणवले, तेव्हा त्यांच्या मागोमाग हत्तिणीच्या पोटी जन्मलेला पालकाप्य मुनी आला. एकाच राजाकडे पाऊसही रानातून आणावा लागतो आणि हत्तीही रानातूनच येतात. पाऊस आणणारा मुलगा हरिणीच्या पोटचा आणि हत्ती जाणणारा मुनी हत्तिणीच्या पोटचा! हा योगायोग नसावा असे मला तीव्रतेने वाटते.

मातंगलीला या हत्तींविषयीच्या ग्रंथात तर हत्ती पूर्वी आकाशात उडत असत असे सांगितले आहे. ते हिमालयापलीकडच्या एका वडाच्या फांदीवर उतरले, फांदी मोडली, खाली दीर्घतपा ऋषी शिष्यांना शिकवत होता, आणि त्याच्या शापाने हत्तींचे उडणे संपले. याच्या शेजारी मैत्रायणी संहितेतली कथा ठेवा. तेथे उडणारे आहेत पर्वत. इंद्र त्यांचे पंख छाटतो आणि त्या पंखांचे मेघ होतात, म्हणून मेघ आजही पर्वताकडे धाव घेतात. ‘खादथा वना’ ज्या ऋचेत आहे तिच्यात मरुतांना हत्तींच्या आधी पर्वतांचीही उपमा दिलेली आहे, हे मुद्दाम लक्षात आणून देतो.


शमीपत्र:

वरील सर्व वाचून एक गोष्ट मला सुचली. आमच्याकडे गणपतीत अथर्वशीर्षानंतर गणेशसूक्त म्हणतात, आणि ते ऋग्वेदाच्या आठव्या मंडळातले ८१ वे सूक्त आहे. त्याची सुरुवातच ‘आ तू न इन्द्र क्षुमन्तम्’ अशी आहे, म्हणजे ते इंद्राला उद्देशून आहे. पहिल्याच ऋचेत इंद्राला ‘महाहस्ती’ म्हटले आहे. तेथे त्याचा अर्थ मोठ्या हाताचा, भरभरून देणारा, असा असणार, कारण पुढे ‘दक्षिणेन’, उजव्या हाताने, असे आहे. आम्ही मात्र तो शब्द म्हणताना समोरच्या सोंडेकडे पाहतो! गणपतीचे मूळ इंद्रात आहे असे मी अजिबात म्हणत नाही. परंतु त्या एका शब्दामुळे इंद्राचे सूक्त गजमुखाकडे आले असेल तर हातापासून हत्तीपर्यंतची तीच वाट तिसऱ्यांदा दिसते, आणि भाद्रपदातल्या पावसात ते म्हटले जाते हेही मला आता विशेष वाटू लागले आहे.


अनुष्टुभ:

शमीपत्र, आपण दाखवलेले ‘महाहस्ती’ मी आता कधी विसरणार नाही.

पोथीघर यांनी सांगितलेल्या दोन रूपांना जोडून एकच कथा सांगतो, ती गोवर्धनाची. भागवताच्या दशमस्कंधात (१०.२५) गोपांनी आपला यज्ञ बंद केला म्हणून इंद्र सांवर्तक, म्हणजे प्रलयाच्या, मेघांना सोडतो आणि म्हणतो, मीही ऐरावत हत्तीवर बसून, महावेगवान मरुद्गणांना घेऊन, तुमच्या मागून येतो. ऐरावत आणि मरुत एका श्लोकात! जुनी उपमा येथे पुन्हा जागी झाली आहे: हत्ती, वादळ आणि मोडून टाकण्याची इच्छा. दोनच अध्याय पुढे इंद्र शरण येतो, सुरभी गाय आपल्या दुधाने आणि इंद्र ऐरावताने सोंडेने आणलेल्या आकाशगंगेच्या पाण्याने कृष्णाला अभिषेक करतात, आणि त्याला गोविंद हे नाव मिळते. विष्णुपुराणातले रूप मला आणखी हृद्य वाटते. तेथे इंद्र ऐरावताच्या गळ्यातली घंटा काढतो, तीत पवित्र पाणी भरतो, आणि त्या घंटेने अभिषेक करतो. युद्धाला निघालेल्या हत्तीची जी घंटा दुरून ऐकून माणसे घाबरत, तिचाच कलश झाला.

श्रीसूक्तात लक्ष्मीला ‘हस्तिनादप्रबोधिनी’ म्हटले आहे, म्हणजे हत्तींच्या आवाजाने जागी होणारी किंवा जाग आणणारी. तिच्या मुलाचे नाव कर्दम, म्हणजे चिखल. गडगडाट, मग चिखल, मग पीक. तिलारीकाठ यांच्या आजींनी हत्तीच्या पावलाला केलेला नमस्कार मला या सूक्तापासून दूर वाटत नाही.


तिलारीकाठ:

आपण श्रीसूक्त काढले म्हणून लिहितो. आमच्या सीमेपलीकडे गोव्यात गजलक्ष्मीच्या जुन्या शिळा अनेक गावांत ‘केळबाय’ म्हणून पुजल्या जातात. मध्ये देवी, दोन बाजूंना हत्ती. माझ्या आजोळी अशी एक शिळा आहे आणि लहानपणापासून मी तिच्यापुढे नारळ ठेवत आलो आहे, पण हत्तींच्या सोंडेत नेमके काय आहे हे मी कधी निरखून पाहिले नाही. शेंदूर आणि तेलाचा थर बराच आहे.


लेणीवाट:

तिलारीकाठ, शक्य असेल तर अवश्य पाहा, पण थर खरवडू नका. तिरप्या उजेडात, सकाळी लवकर किंवा बाजूने दिवा धरून, आकार कळतो. बहुतेक शिळांवर सोंडेत उपडे कलश असतात. मला विशेष उत्सुकता आहे ती एखाद्या शिळेवर कलशाऐवजी फांदी किंवा कमळ धरलेले असेल का, याची.


तिलारीकाठ:

दिवाळीच्या पाडव्याला आजोळी जाणार आहे. पुजाऱ्यांना विचारून, दिवा बाजूने धरून पाहतो आणि सोंडेत कलश आहे की झाड, ते येथेच कळवतो.